साठ किलोंची द्राक्षतुला

नवऱ्याचं खरं वजन गावाला सांगू नये, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

ह्यांचा सातपूरला तराजूंचा कारखाना. 'खरा काटा, खरा माणूस' अशी घोषणा देत हे महापालिकेला उभे राहिले आणि (कुणाला वाटलं होतं!) निवडून आले. कार्यकर्त्यांनी लगेच द्राक्षतुला ठरवली. एका पारड्यात हे, दुसऱ्यात दिंडोरीची द्राक्षं, आणि मग ती शाळेतल्या मुलांना वाटायची.

"वहिनी, साहेबांचं वजन किती? तेवढीच द्राक्षं आणतो," कार्यकर्ता सोपान विचारायला आला.

"साठ!" मी ठोकून दिलं.

काय करणार? आठवड्यापूर्वीच डॉक्टरांनी शेजारच्या कुसुमताईंसमोर सांगितलं होतं, "तुम्हा दोघांचं वजन अगदी सारखं!" म्हणजे ह्यांचं वजन जाहीर झालं की माझंही झालंच!

चौकात 'साठ किलोंची द्राक्षतुला' असा फलक लागला आणि कारखान्यातला सर्वांत मोठा तराजू टांगला. पहिल्या रांगेत भाजी मार्केटचे व्यापारी, म्हणजे आमचं सगळं गिऱ्हाईक. हे पारड्यात बसले. समोर द्राक्षं चढली. ह्यांचं पारडं जमिनीला चिकटलेलंच! सगळी द्राक्षं संपली. सोपानने हार टाकले, नारळ टाकला, शेवटी स्वतःच्या चपला काढल्या (त्या मी टाकू दिल्या नाहीत).

"साठ किलोंचा माणूस साठ किलोंनी उचलेना?" निवडणुकीत पडलेले नाना उभे राहिले. "काटाच खोटा!"

"वजनं लावून बघा की!" सोपान चिडला.

"वजनंही त्याच कारखान्यातली ना?"

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. नगरसेवकपद काय, आज आहे उद्या नाही, पण कारखान्याचं नाव गेलं तर आम्ही खायचं काय? ह्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी उठले आणि माइक हातात घेतला.

"काटा खरा आहे. साठ मीच सांगितलं होतं. खोटं सांगितलं!"

"नवऱ्याला वाचवताय, वहिनी!" नाना हसले.

आता लाजून भागणार नव्हतं.

"ह्यांचं आणि माझं वजन सारखंच आहे!" मी अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं. "उतरवा ती द्राक्षं, हार, नारळ, सगळं. मी बसते!"

मी बसले. पारडी खालीवर झाली, डुलली... आणि काटा बरोब्बर मधोमध थांबला! तिकडे हे, इकडे मी, दोघंही अधांतरी.

"ह्यानं काय सिद्ध झालं?" नाना पुटपुटले.

गर्दीतून भाजीवाल्या पार्वताबाई कडाडल्या, "ओ नाना! बाईमाणूस चारचौघांत सोताचं वजन वाढवून सांगंल का? काटा खराच हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापारीही हसत हसत टाळ्या वाजवायला लागले. मी घाईघाईने उतरायला निघाले, तर समोरून हे कळवळून म्हणाले, "अगं, थांब! तू उतरलीस तर मी आपटेन!"

त्या प्रसंगाचा फोटो ह्यांनी कारखान्याच्या कॅलेंडरवर छापला आणि नाशिकभर वाटला. फोटोत माझं पारडं जरासं खाली दिसतं. फोटोग्राफर वाकडा उभा होता, हे मी आजपर्यंत प्रत्येकाला सांगत आले आहे. पण ह्या एका बाबतीत गावाचा विश्वास आमच्या काट्यावरच!