निळ्या पुडीचा लाल रंग

आता कुठल्या तोंडानं सांगू! पण विचारलंयत, तर ऐका. चहा मात्र आणखी एक मागवा.

तेव्हा मी सोलापुरात एका दवाखान्यात, रक्त तपासायच्या खोलीत कामाला होतो. नोकरी कच्ची. आमच्या डॉक्टरसाहेबांना एकच वेड. रक्तातली पांढरी पेशी जंतू गिळते, ते ठाऊक होतं. पण गिळलेलं पचवते कशी? म्हणून त्यांनी पेशींना लिटमसची निळी पूड चारायची ठरवली. भिंगाखाली रक्त फिकटच दिसतं; पण पेशीच्या पोटात आंबट रस सुटला, की निळं लाल होणार!

रक्त कुणाचं? माझंच की! रोज बोटाला सुई.

"बसप्पा, सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "लाल दिसलं की हाक मारा. पुण्याचे मोठे साहेब आलेत, शेजारच्या खोलीत बसलेत. त्यांना दाखवता आलं तर तुमची नोकरी पक्की."

डोळा काढायचा नाही म्हणजे नाही! पण दुपार झाली, पोटात कावळे ओरडायला लागले. मग काय, डोळा भिंगाला आणि मांडीवर डबा. आमच्या मंडळींनी भाकरी आणि शेंगाची चटणी दिलेली. लई झणझणीत! मधेच रक्ताची काच सुकायला लागली, तर त्याच जेवत्या हातानं वरची पातळ काच उचलून मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला.

अय्यो शिवा! लाल! एक नाही, दहा ठिकाणी लाल!

"साहेब, पचलं! पचलं!"

मी असा ओरडलो की बाहेरचे पेशंटसुद्धा धावत आले. मोठ्या साहेबांनी भिंगात डोळा घातला.

"वा! पण हे लाल पेशींच्या बाहेर कसं?"

आता गप्प बसावं की नाही? पण नोकरी पक्की व्हायची होती ना! मी छाती काढून म्हणालो, "खाऊन ढेकर दिला असंल, साहेब!"

"आणि हे तेल?"

साहेबांनी काचेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि सवयीनं त्याच बोटानं डोळा चोळला.

"मेलो! पाणी आणा!"

मीच धावलो. साहेबांच्या डोळ्यावर पाणी मारलं, वर चोळूनही दिलं. त्याच हातानं. दुसराही डोळा गेला!

डॉक्टरांनी माझ्या डब्यातली लाल चटणी बघितली. मला वाटलं, संपलं आपलं. लाजेनं मान वर होईना.

पण नोकरी पक्की झाली हो! भिंगावरची नाही. डॉक्टर म्हणाले, "बसप्पा, तुमच्यासारखं रोज सुई टोचून घेणारं दुसरं कोण मिळणार? उद्यापासून तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त बोट पुढं करायचं. धुऊन."