शर्टावर भाकरी काढायला कोल्हापूरला

आधी आली कोण, तर अंजा! माझी जाऊ. लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचणारी बाई, पण त्या दिवशी पहाटे गगनबावड्याच्या स्टँडवर माझ्याआधी हजर, तेपण नवी चप्पल घालून. म्हणती कशी, "एकटीला सोडलं तर तू तुझ्या पोराच्या मापाचा शर्ट आणशील."

शर्टाचं असं झालं. घाटाच्या तोंडाला आम्हा दोघींची खानावळ हाय, 'जावांचं जेवण'. गेल्या पावसात नाशिकचे पावणं आमच्याच भाकरीसाठी दुसऱ्यांदा आले. पण धुकं एवढं, की सगळ्या टपऱ्या सारख्या आणि सगळ्या बायका प्लास्टिकच्या खोळीत. शेजारच्या टपरीत जेवून गेले की हो! परत तसं झालं तर पावणं कायमचे शेजारणीचे. म्हणून अंगावर खूण पाहिजे. नातीनं भाकरीचं चित्र काढून दिलं, ते शर्टावर भरून घ्यायला आम्ही कोल्हापूरला निघालो.

एस्टीनं दोनेक तास लागतात. पंच्याहत्तरी झाली की तिकीट फुकट, बाकी बायकांना अर्धं. मी फुकट, अंजानं अर्धं काढलं. माझ्यापेक्षा मोठी हाय, पण खरं वय सांगंल ती अंजा कसली! रंकाळ्याला उतरा, आधी मिसळ खा, कट मागून घ्या, मग शिवाजी पेठेत चालत जा.

सलीमभाईंचं भरतकामाचं दुकान फुटबॉलवाल्या पोरांच्या जाकिटांनी भरलेलं. मशीन आपलं आपण टाके घालतंय. जेवढे टाके तेवढा दर, तवा चित्र साधं न्या.

"कसला शर्ट, आज्जी? कॉलरचा, बिनकॉलरचा, जाळीचा, सुती?"

माझं डोस्कंच चालंना. म्हणलं, "धुतला की वाळणारा."

"बावड्यात? तसलं कापड अजून निघालं न्हाय."

त्यांनी एका शर्टावर डाव्या बाजूला भाकरी काढून दाखवली. मी झंपरावर शर्ट चढवला, सवयीनं वरनं पदर घेतला, आणि भाकरी गडप!

"उजवीकडं काढा की," अंजा ओरडली.

"आजवर सगळ्यांचं डावीकडंच काढलंय," सलीमभाई डोकं खाजवत म्हणाले.

"त्यातला पदरवाला कोण होता?"

मग मी म्हणलं, पाऊस असतोय, जाकीट बरं. तर सुईच्या भोकांतनं पाणी आत येतंय म्हणे. आणि वर जाकीट घातलं तर उजवीकडची भाकरीपण झाकली! "मग शर्ट दाखवायचा कुणाला, चुलीला?" अंजा म्हणाली. आम्ही दोघी तिथंच बसलो. चुलीपाशी बसून भाकऱ्या थापणारी ती, रस्त्यावर उभी राहून हाका मारणारी मी. कुणाला काय घ्यावं?

सलीमभाईंनी चहा मागवला आणि तोड काढली. अंजाला सुती शर्ट, उजवीकडं भाकरी. जाळाशेजारी जाकीट नको. मला जाकीट, पण भाकरी वेगळ्या कापडावर भरून पाठीवर चिकटवलेली, ताटाएवढी.

संध्याकाळच्या गाडीनं घरी आलो. पाठीवरची भाकरी बघून सून म्हणती चंद्र दिसतोय, नातू म्हणतो टायर. मलाबी नीट कळंना. पण जाकीट घालून धुक्यात रस्त्यावर गेले, तर अंजा चुलीपासनं ओरडली, "दिसतीया गं!" असं कुणी मला लांबनं ओळखलं, त्याला लई वर्षं झाली.

काल नाशिकच्या पावण्यांचा फोन आला. "आज्जी, या खेपेला ओळखायचं कसं?"

म्हणलं, "पाठीवर भाकरी असलेली म्हातारी बघा."

बैलांचा सण बेंदूर झाला की दुसऱ्या दिवशी येतो म्हणालेत.