छत्तीस इंचांचा ओटा

मिस्त्रीनं कटर सुरू केलं आणि मी ओरडले, "रफिकभाई, थांबा!"

"अब क्या हुआ मॅडम?" रफिकभाई वैतागले. त्यांच्यासमोर कडप्प्याचे उभे पट्टे होते. ओट्याचा वरचा दगड या पट्ट्यांवर टेकतो, म्हणजे ओटा किती उंच होणार ते पट्टेच ठरवतात. आखूड कापला गेला तर दगड काही वाढवता येत नाही. नवा आणावा लागतो, आणि या घरात नवं काही आणायचं म्हटलं की आधी खर्चाचा हिशोब मांडावा लागायचा.

घर सिडको वसाहतीतलं, वर्षा आणि सोपान या नवरा-बायकोचं. ती शाळेत शिक्षिका, तो चितेगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. स्वयंपाकघर आधीच्या मालकाच्या काळातलं. भिंतीवरच्या टाइल्सवर अननस, द्राक्षं, पुन्हा अननस. वर्षाची मागणी सरळ होती. "मॅडम, मोडतोड कमी, खर्च कमी, पण नवीन दिसलं पाहिजे. आणि तो अननस मला परत दिसायला नको." मी घरांच्या इंटिरियरची कामं घेते आणि अशी गिऱ्हाइकं मला मनापासून आवडतात. फुकटात महाल मागत नाहीत, फक्त महालासारखं दिसावं म्हणतात.

मग मी काटकसरीनं बसवलं सगळं. जुना वरचा दगड पॉलिश करून परत वापरायचा. टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या चिकटवायच्या. कपाटांना दारं तीच, वर सनमायका नवा. खरा खर्च एकच, ओट्याची उंची. जुना ओटा एकोणतीस इंचांचा होता, फार बुटका. उंचीचा हिशोब सोपा असतो. स्वयंपाक करणाऱ्याला उभं करायचं, हात कोपरात वाकवायला लावायचा आणि कोपराच्या पाच-सहा इंच खाली ओटा घ्यायचा. वर्षाला उभं केलं. ती जेमतेम पाच फूट. एकतीस इंच आले, मी लिहून घेतले.

आता कटर थांबवण्याचं कारण. शेवटचं सामान हलवताना मला भिंतीवर खिळ्याला टांगलेला लोखंडी तवा दिसला. काळाकुळकुळीत, रोजच्या वापरातला. मी टाचा उंच केल्या तरी माझा हात पोचेना. शेजारच्या फळीवर ज्वारीच्या पिठाचा डबा, तोही तेवढ्याच उंचीवर.

"वर्षाताई, हा तवा काढतं कोण?"

वर्षानं नवऱ्याकडं पाहिलं. सोपान सहा फूट उंच. तो पंख्याकडं बघत होता. पंखा बंद होता.

"भाकरी तुम्ही करता?" मी त्याला विचारलं.

"हळू बोला ना म्याडम," तो दबक्या आवाजात म्हणाला. "हिला चपात्या येतात, पन भाकर मोडती. अन् मला भाकरीबिगर जेवल्यासारखं वाटत नाय. मंग थापतो मीच."

"आणि पाठ?"

"पाठ गेली कामातून," उत्तर वर्षानं दिलं. "एवढा उंच माणूस वाकून वाकून थापतो. डॉक्टरनी कमरेला पट्टा दिलाय. वाकणं बंद करा म्हणालेत, नाहीतर उभ्यानं करायची नोकरीही सोडावी लागेल."

"मग माप घेताना बोलला का नाहीत?"

"बाईमानसाचं काम मी करतो, हे कसं सांगायचं?" सोपान म्हणाला.

मला राग आला. पहिला त्याचा, पण दुसरा स्वतःचा. अठरा वर्षं या धंद्यात आहे, स्वतः बाई आहे, आणि 'स्वयंपाक कोण करतं' हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. घरातली बाई दिसली की तिला ओट्यापाशी उभी करून मोकळी. मी सोपानचं कोपर मोजलं. थापायला जोर लागतो म्हणून ओटा आणखी जरा खाली धरला, तरी छत्तीस आले.

सोपान घाबरला. "नाय नाय, एकतीसच ऱ्हाऊ द्या. नव्या वट्ट्यावर दूध उतू घालायला गावाकडून, पिशोरहून, माझे वडील, आबा, येनार हायेत. एवढा उंच वट्टा बघितला की त्येंच्या लगेच ध्यानात येईल. पाठ दुखली तर दुखू द्या, अब्रू जायला नको."

"नोकरी गेली तर अब्रू राहील?" वर्षा म्हणाली. मग माझ्याकडं न बघता मिस्त्रीला म्हणाली, "रफिकभाई, छत्तीस."

ओटा एल आकाराचा होता. लांब बाजू छत्तीसवर नेली. आखूड बाजूला हातच लावला नाही, वर्षाच्या चहाला आणि भाजी चिरायला ती बरी होती. पैसेही वाचले, फक्त दोन बाजूंमध्ये पायरी पडली.

"ओटे को सिढी कायकू?" रफिकभाई पुटपुटले. "बाल सफेद हो गये, ऐसा ओटा नै देखा." पण पट्टे चोख कापले.

दूध उतू घातलं त्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं. आबा पाटावर बसलेले, पांढरा पटका, हयात मेंढरांमागं गेलेली. त्यांच्यासमोर अब्रू राखायची म्हणून वर्षा स्टुलावर चढली आणि भाकरी थापू लागली. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. सोपान दारात उभा राहून घाम पुसत होता, त्याची बोटं नुसती वळवळत होती.

आबा उठले. हात धुतले. "उतर पोरी, पडशील."

ते ओट्यापाशी उभे राहिले, पिठाचा गोळा मळला आणि थापायला लागले. सराईत हातांचा थप थप आवाज सुरू झाला. भाकरी तव्यावर टम्म फुगली.

"आबा, तुमी? अन् घरात, पाहुण्यांसमोर?" सोपाननं दारातूनच विचारलं.

"मंग? मेंढरं घेऊन चार-चार म्हयने रानात असायचो. तव्हा काय तुझी आई डबा घेऊन येत व्हती?" त्यांनी दुसरा गोळा घेतला. "तुला बी मीच शिकवली की. रानात थापली ती भाकर, अन् घरात थापली तर लाज व्हय?"

 सोपानचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच खोटं कशाला बोलू.

"हुबा काय ऱ्हायलास? ये, पुढच्या तू थाप," आबा म्हणाले. "वट्टा तुझ्याच मापाचा दिसतोय. मला लई उंच पडतो."

सोपाननं बाह्या वर केल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं पाहुण्यांसमोर भाकरी थापल्या, पाठ ताठ ठेवून. मी तीन खाल्ल्या.

तेव्हापासून माप घ्यायला गेले की घरातल्या पुरुषांनाही ओट्यापाशी उभं करते. जो म्हणतो, "माझा काय संबंध?", त्याचं माप जरा नीट घेते.