परत मागितलेले अंगठे

शाळेत होते तोवर माझ्याजवळ चुकांचे किस्से साठत. निवृत्तीनंतर पश्चात्तापाचे साठू लागले, आणि ते अधिक वेगाने साठतात!

माझी जुनी विद्यार्थिनी मनीषा कर्जत स्टेशनजवळ भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देते. मालक आणि भाडेकरू दोघांनी यंत्राच्या काचेवर अंगठा टेकवायचा, कॅमेऱ्याकडे पाहायचे, मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे सांगायचे, की झाला करार. मी तिथे रोज मसुद्यांचे शुद्धलेखन तपासते. मनीषाला वाटते, मी तिला मदत करते. खरे कारण असे की घरी चूक काढायलाही कोणी नसते.

त्या करारांत एक माझाही आहे. घराची वरची खोली मी वैशालीला दिली. ती साजगावच्या कारखान्यात माल तपासते. मसुदा मी स्वतः लिहिला होता. त्यात एक स्वल्पविरामही चुकला नव्हता. तरीही तिचे मत बदलले. ते शेवटी सांगते.

*

कडावच्या एका आजोबांनी आपला रस्त्याकडचा गाळा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओला पंचा घेऊन दारात हजर!

"मनीषा, काल त्या काचेवर अंगठा दिला ना, तो पुसायचा हाय."

"आजोबा, काच मी रोज पुसते. तुमचा अंगठा तिथे राहिलेला नाही. तो कालच मुंबईच्या कॉम्प्युटरात गेला."

आजोबा खुर्चीत बसले. स्वतःचा अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मी अजून मुंबई नीट बघितली नाय, नि हा माझ्याआधी जाऊन बसला?"

*

शेलूला नव्या इमारतीत घर भाड्याने घेतलेले एक जोडपे आले. नवऱ्याने पत्नीला न दाखवताच फ्लॅट ठरवला होता, आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी जिन्यात उघडत होती.

नवरा मनीषाला हळूच म्हणाला, "मॅडम, ओटीपी मी चुकून सांगितला असं काही लिहिता येईल का?"

"चुकून सहाच्या सहा आकडे बरोबर?" मनीषाने विचारले.

त्यावर पत्नी कडाडली, "माझा वाढदिवस यांना सांगता येत नाय, आणि ओटीपी तोंडपाठ!"

*

खालापूरकडच्या एका गृहस्थांनी तर घरमालकाच्या देखत कराराचे चार तुकडे केले आणि ते आमच्या टेबलावर आणून ठेवले. "फाडला! सुटलो!"

मनीषाने एक कळ दाबली. प्रिंटरमधून तोच करार, त्याच सह्यांसह, अखंड बाहेर आला. गृहस्थांनी बिचकत कागदाला बोट लावले.

"अगं, हा तर गरम हाय!" ते म्हणाले. "मग हा मरतो तरी कसा?"

"मत एकट्याला बदलता येतं, काका," मनीषाने समजावले. "करार रद्द करायचा तर दोघांचे अंगठे लागतात."

इतके निर्दोष वाक्य मी तिला शाळेत शिकवले नव्हते.

*

एकदा एक घरमालकीण आणि तिची भाडेकरीण भांडतच आल्या. दोघींनाही करार मोडायचा होता. भांडणाचे मूळ म्हणजे गच्चीवरची वाळवणाची दोरी. नेमका सर्व्हर बंद! एकाच बाकावर बसून राहणे भाग पडले. चहा आला. दुसरा चहा आला. मग एकीने दुसरीला पापडाचे प्रमाण विचारले.

सर्व्हर सुरू झाल्यावर मनीषाने हाक मारली, "चला, अंगठे!"

"कसले गं?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकाच स्कूटरवरून निघून गेल्या.

मी मात्र मनीषा शटर ओढेपर्यंत बसून राहिले.

*

आता वैशालीचे. ती आल्यापासून घराला आवाज आला होता. जिन्यावर तिची चप्पल, वर तिच्या कुकरची शिट्टी, आणि निघताना दारातून, "बाई, येते हं!" त्या हाकेला उत्तर देण्यासाठी मी सकाळी दाराजवळच्या खुर्चीत बसू लागले होते.

एका रविवारी ती समोर येऊन उभी राहिली. "बाई, मैत्रिणींनी खोपोलीत खोली घेतलीय. कारखाना जवळ पडंल. तुमाला राग नाय ना?"

"राग नाही," मी म्हणाले. "आणि 'पडंल' नव्हे, 'पडेल'."

तिने टेंपो ठरवला, सामान बांधले, आणि करार रद्द करायला आम्ही दोघी मनीषाकडे गेलो. वैशालीचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला. माझा लागेना. मनीषाने काच पुसली. लागेना. वैशालीने माझा हात आपल्या ओढणीने पुसला. तरीही लागेना.

"खडूनं झिजला असंल," वैशाली म्हणाली.

मनीषा वाकून जवळून पाहू लागली. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुमचा अंगठा काचेला टेकतच नाहीये."

मी कॅमेऱ्याकडे पाहत राहिले.

वैशालीने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा काचेकडे. मग तिने पर्समधून फोन काढला आणि टेंपोवाल्याला लावला.

"दादा, आज येऊ नका. बाईंचा अंगठा लागत नाय."