चौदा नंबरचा आवाज

जानकी परबचे कान तिच्या तोंडापेक्षा जास्त शिकलेले होते. विसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून चिकटली तेव्हा ट्रंक कॉलचे दिवस होते. कानाला हेडफोन लावून तिने अर्ध्या मुंबईची लग्नं जमताना ऐकली, मोडताना ऐकली, आणि यातलं एक अक्षर कधी बाहेर काढलं नाही. ऐकू आलेलं वापरायचं नाही, हा तिथला पहिला धडा. दुसरं वळण तिला नको असताना लागलं: एकदा कानावर पडलेला आवाज ती विसरत नसे.

आता ती चौसष्ट वर्षांची होती, मुलुंड पूर्वेला एकटी राहायची, आणि 'हातभार' नावाच्या मंडळाचं काम बघायची. चार जणांचं बिनपगारी मंडळ. लोकांकडून वर्गणी गोळा करून दरवर्षी एका गाणाऱ्याला वर्षभराच्या तालमींचा आणि वाद्यांचा खर्च द्यायचा. अर्जावरचं नाव झाकायचं, वर नुसता नंबर टाकायचा आणि मोबाइलवर पाठवलेलं गाणं सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, ही पद्धत जानकीचीच. नियमही तिनेच लिहिले होते. आवाज ओळखीचा वाटला की हात वर करायचा. नाव घ्यायचं नाही. त्या अर्जाचे आपले गुण रद्द, आणि निकाल लागेपर्यंत आपण खोलीबाहेर. गाण्याला दहा गुण, रेकॉर्डिंगच्या स्पष्टतेला पाच. हे पाच तिच्या खास हट्टाचे. खरखरणाऱ्या लाइनीचा तिला आयुष्यभर राग.

त्या रविवारी सकाळी नीलाच्या व्हायोलिन क्लासच्या खोलीत चौघं बसले होते. अध्यक्ष नंदकुमार सावंत, जानकीच्या माहेरच्या चाळीतला, दोघांचेही वडील एकाच गिरणीत. नीला, जी नंदकुमारने मान हलवल्याशिवाय सहसा आपली हलवत नसे. आणि संघमित्रा, बँकेत नोकरी करणारी, मंडळातली सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत तिखट.

नऊ नंबरचं गाणं लागलं. स्टुडिओत केलेलं, तबला स्वच्छ, आवाज तयारीचा. दुसऱ्या ओळीला जानकी सावध झाली. हा सिद्धेश! नंदकुमारच्या बहिणीचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी नंदकुमारच्या घरी गणपतीत हाच गायला होता, आणि कौतुकाने छाती फुगवून नंदकुमारच शेजारी उभा होता.

तिने नंदकुमारकडे पाहिलं. आता हात वर करील, मग करील. तो डोळे मिटून मान डोलावत होता. गाणं संपलं तसं त्याने पेन उचललं आणि नऊ गुण ठोकले, हात जराही न अडखळता.

जानकीच्या मस्तकात तिडीक गेली. साठ वर्षांची ओळख, आणि हा माणूस आपल्यासमोर बसून सरळ खोटं वागतोय! रागाच्या भरात तिने नऊ नंबरला चार गुण दिले आणि कागद पालथा घातला. पोरगा चांगला गायला होता हे तिला कळत होतं. तरी चार दिले.

पुढची चार गाणी आली नि गेली. मग शेवटचा, चौदा नंबर.

तबला नाही, पेटी नाही. बाईचा आवाज, रुंद आणि उघडा, बाबासाहेबांवरचं जुन्या जलशाच्या चालीतलं गाणं. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाई थांबली नाही. दुसरी शिट्टी झाली, तेव्हा तिने तान शिट्टीच्या वरून नेली. संघमित्राच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. जानकीने दहा लिहिले. शून्याचा गोल पुरा होता होता तिचा हात थबकला.

ही माणिक होती. तिच्याकडे रोज सकाळी स्वयंपाकाला येणारी माणिक.

चार वर्षं पोळ्या लाटताना तिचं गुणगुणणं जानकी ऐकत होती. मोकळा आवाज आज पहिल्यांदा ऐकला, कारण गाऊन दाखव असं तिने कधी म्हटलंच नव्हतं. याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

"गाणं झकास आहे, पण रेकॉर्डिंग बघा ना," नंदकुमार म्हणाला. "शिट्ट्या काय, भांडी काय. नऊ आणि चौदा, या दोघांतच आहे आता. बेरीज करूया."

जानकी मनात हिशोब करू लागली. हात वर केला तर माणिकचे दहा गेले, आणि आपण बाहेर गेलो की नंदकुमार-नीला मिळून सिद्धेशला निवडणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ. हात खाली ठेवला तर कुणाला कळणार होतं? समोरच्याने तरी कुठे वर केलाय? आणि माणिकला तो पैसा, ती वाद्यं किती हवी असतील! लबाडी चांगल्या कामासाठी होती. पण नंदकुमारही मनात हेच म्हणत नसेल कशावरून?

तिने हात वर केला.

"चौदा," ती म्हणाली. "माझे गुण खोडा."

"जानकीताई!" संघमित्रा ओरडलीच. "अहो, तुम्ही गेलात तर..."

"माहीत आहे गं."

ती उठली. दाराशी जाऊन नंदकुमारकडे बघत राहिली. त्याने नजर कागदावर ठेवली. "बस बाहेर. बोलावतो," तो म्हणाला.

बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी बाक होतं. जानकी बसली आणि धुमसत राहिली. एकदा वाटलं, आत जावं आणि त्याचं पितळ उघडं पाडावं. पण दुसऱ्याचा हात वर करायचा नियम तिने लिहिला नव्हता. मग एकाएकी तिला तो चारचा आकडा आठवला, आणि राग कुठल्या कुठे गेला. नऊ नंबर तिनेही ओळखला होता. हात तिनेही वर केला नव्हता.

तिने दार उघडलं.

"माझं एक राहिलं. नऊ नंबरही मी ओळखला. ओळखल्यावर गप्प बसले, आणि रागाने चार दिले. पोरगा आठाचा गायलाय. तेही खोडा."

नंदकुमारचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. जानकी दार लावून परत बाकावर आली. पाच मिनिटं गेली असतील. दार उघडलं आणि नंदकुमार बाहेर येऊन तिच्या शेजारी बसला. आत त्यानेही नऊ नंबरसाठी हात वर केला होता.

"खरा सांग गो," तो हळूच मालवणीत म्हणाला. "आठाचो गायलो?"

"आठाचा," जानकी म्हणाली.

आत नीला आणि संघमित्रा यांनी दोन्ही गाणी पुन्हा ऐकली. नंदकुमारची मान समोर नसल्यामुळे नीलाला आपले कान वापरावे लागले, आणि ते चांगले निघाले. गाण्यात चौदा नंबर एका गुणाने पुढे गेला. रेकॉर्डिंगच्या स्पष्टतेत चार गुणांनी मागे पडला. निवड सिद्धेशची झाली, आणि यात कुणाची लबाडी उरली नव्हती. जानकीला त्याने काडीचं समाधान मिळालं नाही.

दोन दिवसांनी निकालाचे मेसेज गेले. तिसऱ्या दिवशी माणिक नेहमीसारखी आली, पदर खोचला, कणीक मळायला घेतली. गुणगुणली नाही.

जानकीला राहवलं नाही. "माणिक, गाणं मी ऐकलं. तुझा आवाज ओळखला म्हणून मला उठून बाहेर जावं लागलं."

माणिकचे हात थांबले. "तुम्ही तिथे आहात ते माहीत होतं ताई. म्हणून तर सांगितलं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की ओळखीने मिळालं. माझ्या बापाचं गाणं आहे ते."

"गाण्यात तूच पुढे होतीस. त्या शिट्ट्यांनी घात केला. अगं, जरा शांत जागा बघून तरी गायचं."

"आमच्या खोलीत शांतता कुठली? हायवेला लागून आहे. मग इथेच गायले, या ओट्यापाशी. तुम्ही सकाळी फिरायला गेलात ना, तेव्हा."

जानकी गॅसवरच्या कुकरकडे बघत राहिली.

"कुकर तेवढा बंद करायचास गं," तिच्या तोंडून गेलं.

"तुमचीच डाळ होती ताई," माणिक म्हणाली. "तुम्ही यायच्या आत व्हायला नको?"