पट्टीताईंनी अडवलेला नकाशा

पट्टीताईंच्या हातात सदा स्टीलची पट्टी, म्हणून हे नाव. बाप नळ जोडणारा. त्याच्या मागे पान्यांची पिशवी घेऊन हिंडता हिंडता पोर एक गोष्ट पक्की शिकली: पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, उतार असेल तिकडेच जातं.

पुढे परदेशी मदतीतून गावात नकाशांचं केंद्र निघालं. कॉम्प्युटर आले, इंटरनेट आलं, शिकवायला परदेशी मास्तर आले. नऊ बायका इमारतींचे नकाशे काढायला शिकल्या. चार वर्षं बरी गेली आणि एक दिवस मास्तर म्हणाले, "ताई, महिनाअखेर मदत बंद. आता बाहेरदेशची कामं मिळवा, नाहीतर केंद्राला कुलूप."

मास्तरांनीच खटपट करून स्वतःच्या देशातल्या एका कंपनीकडून चाचणीचं काम आणलं. तिकडे इस्पितळाचं बांधकाम चाललं होतं. त्याचा हाताने काढलेला नकाशा कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरवायचा. जमलं तर वर्षभराचं काम.

ताईंनी पट्टी लावली आणि कपाळावर हात मारला. तिसऱ्या मजल्यावरच्या सांडपाण्याच्या पाइपाचा उतार चक्क उलटा! सगळी घाण परत रुग्णांच्या न्हाणीघरात.

"जसाच्या तसा सांगितलाय ना? मग काढा की मुकाट्याने!" धाकटी जाऊ कडाडली. तीही तिथेच कामाला. "साहेबाची चूक काढून आम्हा आठ जणींच्या पोटावर पाय देता की काय?"

पण चुकीची रेघ ओढायला ताईंचा हात काही धजेना. त्यांनी नकाशा तिथेच अडवला, चुकीभोवती लाल गोल काढला आणि पाठवून दिला.

दोन दिवस तिकडून हूं नाही की चूं नाही. जाऊबाईंनी तर बोलणंच टाकलं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. मास्तर ऐकता ऐकता खुर्चीवरून उठलेच.

"उद्या ते पाइप बसवणार होते! पाच इंजिनिअरांच्या नजरेतून सुटलं होतं. ताई, एक नाही, तीन वर्षांचं काम दिलंय! आणि त्यांचे नकाशे तपासायचेही आता तुम्हीच!"

काय तो गलका! जावेने ताईंना कडकडून मिठी मारली आणि वर म्हणते कशी, "मी म्हणतच होते, नीट बघा म्हणून!"

"हो बाई, तूच ती!" ताईंचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

दुपारी मास्तर मदतीचा शेवटचा फॉर्म भरायला बसले. "लाभार्थी कोण, ते लिहायचंय. तुम्हा नऊ जणींची नावं सांगा."

ताई पट्टी पुसत म्हणाल्या, "आमची सावकाश लिहा. आधी तुमचं इस्पितळ लिहा."