माध्यम: जिवंत व्यक्ती

मॅडमनी माझं काम हातात घेतलं नाही. पेन्सिलीच्या टोकानं एक कोपरा उचलून बघितला. मेलेला उंदीर काडीनं उलटा करतात तसा.

"वास येतोय," त्या म्हणाल्या. "धुऊन नाही आणलंस?"

धुतलं होतं. घासून धुतलं होतं, पडेगावच्या उन्हात वाळवलं होतं. पण सगळा वर्ग बघत होता. मी नुसता तो कोपरा सरळ केला.

कला महाविद्यालयातलं माझं तिसरं वर्ष. विषय होता, टाकून दिलेल्या वस्तूंपासून कलाकृती. मी फ्लेक्स घेतले होते. क्रांती चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. वाढदिवस झाला की उतरतात आणि त्यातले काही आमच्या छताला चढतात. माझी माय भंगार वेचते, मला कळतं तेव्हापासून. पावसाच्या आधी ती फ्लेक्स नायलॉनच्या दोरीनं एकाला एक शिवते आणि पत्र्याखाली ताणून बांधते. लहानपणी मी कुठल्यातरी साहेबाच्या दातांकडं बघत झोपायची. त्या चेहऱ्यांमधले नुसते डोळे कापून मी एक वाकळ शिवली होती. पांघरून झोपणाऱ्याला सगळीकडून डोळे बघतात, अशी.

शेजारी सानिकाचं काम होतं. तिच्या वडिलांचा चितेगावला कारखाना. तिनं पत्र्याचे कोरे डबे विकत आणून त्यांना मुद्दाम गंज चढवला होता. मॅडम त्या डब्यांवरून हात फिरवत राहिल्या. "काय भाषा सापडलीय तुला," म्हणाल्या.

मग माझ्याकडं वळल्या. "तू पडेगावची ना? कुठल्या बाजूला?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. ते सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. त्यात सगळं आलेलं असतं.

"तरीच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे हे रक्तातच असतं."

त्या कौतुक करत होत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. हातमागाची साडी, मऊ आवाज. कधी कुणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उलटं बोलता आलं असतं.

त्या दिवसापासून मी वर्गाची भंगारवाली झाले. मॅडमनीच सांगून टाकलं, "साहित्य हिच्याकडे मागा. हिच्या घरी सगळं आहे." मग कुणाला सायकलच्या चेन, कुणाला निळ्या बाटल्या, कुणाला मोडके कीबोर्ड. मायला लई आनंद झाला. कॉलेजातल्या लोकांना आपला माल लागतो म्हणून ती एकेक वस्तू पुसून बाजूला ठेवायची. मी पोती रिक्षात घालून न्यायची. नाही म्हणायची सोय नव्हती. गुण मॅडमच्या हातात. गुण गेले की वर्ष जाणार, वर्ष गेलं की शिष्यवृत्ती जाणार, आणि मग मीही पोतं घेऊन मायच्या मागं. वर्गात बसल्या बसल्या वाटायचं, आपण त्याच पोत्यात आहोत आणि वरून तोंड बांधलंय.

मग वर्गाचं प्रदर्शन ठरलं. जालना रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये.

"आईंना घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा सहभाग हवाय."

सहभाग. मी घरी तो शब्द तसाच नेला.

"मला बोलवलं?" माय म्हणाली. "माझं काय काम तिथं?"

"सगळा माल तुझाच आहे ना. पाहुणी म्हणून बोलवलं असेल."

मला तसंच वाटलं होतं. मायनं विहारात जायची पांढरी साडी काढली, निळ्या काठाची. केसांना तेल लावून वेणी घातली. शेजारच्या बायांना सांगून आली, लेकीच्या कॉलेजात बोलवलंय म्हणून.

हॉलच्या दारात मॅडमनी तिला खालून वर बघितलं. "अहो, ही साडी? कामावरची नाही आणली?" मग मला म्हणाल्या, "तू बाहेर पायऱ्यांवर थांब. पाहुण्यांना आत पाठव." मी गेले.

आत आले तेव्हा हॉल भरला होता. मधोमध गोणपाट अंथरलेलं, वर पिवळा दिवा. दिव्याखाली माय. अंगावर फाटकी साडी. ती आमच्या घरातली नव्हती, कुठूनतरी आणून ठेवलेली होती. पुढ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीग, धुतलेल्या, चकचकीत. माय रंगाप्रमाणं बाटल्या वेगळ्या करत होती. सगळ्या वेगळ्या झाल्या की सानिका यायची आणि परत मिसळून जायची. माय परत सुरू करायची.

भिंतीवर छापील पाटी होती. वर सानिकाचं नाव. खाली लिहिलेलं: 'वेचणारी. माध्यम: जिवंत व्यक्ती, प्लॅस्टिक, गोणपाट.'

मायचं नाव कुठंच नव्हतं.

लोक फोटो काढत होते. एका बाईनं मॅडमना विचारलं, "या खऱ्या आहेत?"

"अगदी खऱ्या," मॅडम म्हणाल्या.

मी गोणपाटावर गेले. "माय, ऊठ."

तिनं वर बघितलं नाही. हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुझे मार्क हायेत यात. मॅडम बोलल्या मला."

तेव्हा मला कळलं. तिला काही न समजता बसवलेलं नव्हतं. आपण तिथं कशा दिसतोय हे तिला पुरतं माहीत होतं. म्हणून मान खाली होती. माझ्यासाठी बसली होती.

मी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. "मला नको ते मार्क. ऊठ."

मॅडम जवळ आल्या. चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "आत्ता नाही. पाहुणे आहेत."

"ही पण पाहुणी आहे," मी म्हणाले. "तुम्हीच बोलवली."

आवाज मोठा निघाला. माना वळल्या. काहींना वाटलं, हाही कलाकृतीचाच भाग. एकानं मोबाइल माझ्याकडं वळवला.

माय गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली. दारापर्यंत आली आणि थांबली. "लोकाची साडी हाय अंगावर," म्हणाली. "बदलून येते."

ती बाथरूममध्ये गेली. मी दाराशी उभी राहिले. मॅडम मागोमाग आल्या.

"मी त्यांना जागा दिली," त्या म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "एवढ्या मोठ्या लोकांनी पाहिलं त्यांना. याचं मोल कळतंय का तुला?"

"त्यांचं नाव काय, मॅडम?"

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

माय पांढऱ्या साडीत बाहेर आली. फाटक्या साडीची तिनं नीट घडी घातली होती. दोन्ही हातांनी मॅडमपुढं धरली. "घ्या बाई. माझा घाम लागलाय तिला."

मॅडमचा हात पुढं आला नाही. मायनं घडी बेसिनच्या कडेला ठेवली आणि आम्ही निघालो.

रिक्षात ती साडीचा काठ सारखा करत राहिली. घरात शिरल्यावर म्हणाली, "काय गेलं असतं माझं? रोज साऱ्या गावाम्होरं भंगार निवडतेच की."

"तिथं तू काम करतेस. हॉलमध्ये तुला मांडून ठेवलं होतं."

"व्हय," ती म्हणाली. "पण वर्ष गेलं तर मला सांगू नको."

तिला माझा अभिमान वगैरे वाटला नाही. ती घाबरली होती.

पुढच्या तासाला मॅडमनी मला उभं केलं. "सगळ्यांसमोर सॉरी म्हण. विषय इथेच संपवू."

एक शब्द. तेवढ्यानं वर्ष वाचत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"म्हणणार नाही," मी म्हणाले आणि खाली बसले.

बाहेर सानिकानं गाठलं. डोळे लाल होते. "माझा उद्देश तसा नव्हता गं." नसेल. तिच्या उद्देशाचं मी काय करू?

ज्याची भीती होती ते सगळं झालं. नापास. शिष्यवृत्ती बंद. आता सकाळी मी मायबरोबर दौलताबादच्या रस्त्यानं वेचायला जाते, दुपारी कॉलेजला. यंदाही विषय तोच, मॅडम त्याच. माय अजून अधूनमधून म्हणते, सॉरी म्हणून टाक. वस्तीतले लोकही म्हणतात. दुसरं कॉलेज बघ, असंही सांगतात.

मी कुठंही जाणार नाही. सॉरी म्हणणार नाही. कुणाच्याही कलेसाठी आमच्या घरातून आता एक बाटली बाहेर निघणार नाही. परत नापास केलं तर परत प्रवेश घेईन, त्याच वर्गात, पहिल्या बाकावर. रोज हजेरी घेताना मॅडमना माझं नाव तोंडानं उच्चारावं लागेल. आणि मी उभी राहून हजर म्हणेन.